चंदेरी पूल, चॉकलेटी गंज: चुकलं कुठे?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मॉडेल रेल्वेच्या एचओ स्केलमधला प्लास्टिकचा प्लेट गर्डर पूल, म्हणजे लोखंडी पत्र्यांच्या तुळयांचा, तीन गाळे, दगडी खांब. डोक्यात चित्र आहे ते साधारण 1985 च्या काळातल्या, कोकणपट्टीतल्या एखाद्या खाडीवरच्या डिझेल मार्गाचं. पुलाला चंदेरी स्प्रे मारला, त्यावर ब्रशने तपकिरी गंज काढला आणि आता तो "चॉकलेटमध्ये बुडवलेल्या स्टीलच्या डब्यासारखा" दिसतोय. चुकलं कुठे, आणि एअरब्रश, म्हणजे हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेनसारखं यंत्र, घ्यावाच लागेल का?

एअरब्रशचं आधी सांगून टाकतो: गरज नाही. मी पंचवीसएक वर्षं हे उद्योग करतोय. पहिले सात-आठ पूल स्प्रेचा डबा, दोन ब्रश आणि भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा एवढ्यावरच केले. त्यातला एक आजही माझ्या लेआउटवर, म्हणजे घरच्या मॉडेल रेल्वेच्या मांडणीवर, आहे, आणि एअरब्रशने केलेल्या पुलांपेक्षा पाहुणे त्याच्यासमोरच जास्त वेळ रेंगाळतात.

आता चूक. तुम्ही गंज काढलात, पाऊस काढायचा राहिला. गंज पुलावर आपल्या मर्जीने बसत नाही. पाणी जिथे साचतं तिथे तो धरतो आणि पाणी ज्या वाटेने खाली जातं त्या वाटेने ओघळतो. तुमच्या फोटोत वेबच्या मधोमध, म्हणजे गर्डरच्या उभ्या पत्र्यावर, गोल गोल तपकिरी डाग आहेत. तिथे पाणी थांबेलच कसं? आणि स्लीपरच्या खाली, वरच्या फ्लँजवर, म्हणजे गर्डरच्या माथ्यावरच्या आडव्या पट्टीवर, जिथे खरोखर ओल राहते, तिथे चंदेरी रंग नव्या भांड्यासारखा चकाकतोय. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण काहीतरी खोटं आहे हे कळतं.

दुसरी गोष्ट संदर्भाच्या फोटोंची. माझा अंदाज आहे की तुम्ही बंद पडलेल्या पुलांचे फोटो समोर ठेवलेत. नायगाव-भाईंदरच्या मधला खाडीवरचा जुना पूल गाड्या बंद झाल्यावर वर्षानुवर्षं नुसता उभा होता. त्याचे फोटो भरपूर मिळतात आणि दिसतातही झकास. पण तो सोडून दिलेला पूल. ज्याच्यावरून रोज मेल-एक्सप्रेस धावतात त्या पुलाची रेल्वे तपासणी करते, ब्रिजची माणसं गंज खरवडतात, प्रायमर लावतात, वर पुन्हा रंग चढवतात. चालू पुलाची मूळ कथा रंगाची असते. गंज हे त्यातलं पोटकथानक. तुमच्या मॉडेलवर गाड्या धावणार असतील तर ऐंशी-नव्वद टक्के पृष्ठभाग रंगाचाच दिसला पाहिजे, फक्त तो जुना झालेला हवा.

पुढचं बरंचसं "अवलंबून आहे" या जातीचं आहे, म्हणून चार गोष्टी ब्रश हातात घेण्याआधी ठरवा. पूल खाडीवर आहे की घाटात? शेवटचा रंग लागून किती पावसाळे गेले? वरून काय धावतं? आणि लेआउटवर महिना कोणता चालू आहे? हा शेवटचा प्रश्न लोकांना विनोदी वाटतो. पण ऑगस्टमधला खांब हिरवा असतो आणि एप्रिलमध्ये त्याच खांबावरचं शेवाळ वाळून काळं पडलेलं असतं. झाडं एप्रिलची आणि खांब ऑगस्टचे, असा एक लेआउट मी स्वतः केलाय. तीन वर्षं माझ्या लक्षातही आलं नाही. आमच्या सौ.ने एका वाक्यात दाखवून दिलं.

तुमच्यासाठी मी असं धरतो: खाडी, रंगाला चार पावसाळे झालेले, डिझेल, महिना फेब्रुवारी.

रंगापासून सुरू करू. आपल्याकडच्या लोखंडी पुलांना साधारणपणे खाली तांबूस प्रायमर आणि वर अॅल्युमिनियम रंग असतो. म्हणून चंदेरी निवडलीत ते तत्त्वतः बरोबरच. पण खऱ्या अॅल्युमिनियम रंगाची चकाकी एक-दोन पावसाळ्यांत उतरते आणि मग तो राखाडी दिसू लागतो. शिवाय स्प्रेच्या डब्यातल्या चंदेरी रंगाचे चकाकणारे कण आपल्या स्केलला फार मोठे पडतात. एचओ म्हणजे 1:87. मॉडेलवरचा एक मिलिमीटर म्हणजे खऱ्या पुलावर जवळजवळ नऊ सेंटिमीटर! हे गणित सतत डोक्यात ठेवा, पुढे फार उपयोगी पडतं. मी चंदेरी वापरतो ती चिमूटभर. मध्यम राखाडी अॅक्रिलिक, त्यात पांढऱ्याचा हात, निळ्याचा अगदी ठिपका आणि दहा भागांना एक भाग चंदेरी. उजेडात तिरका धरल्यावर जेमतेम धातूची झाक जाणवली की पुरे.

आहे तो रंग काढावा का? खिळ्यांच्या, म्हणजे रिव्हेटच्या, ओळी अजून स्पष्ट दिसत असतील तर काढू नका, त्याच्यावरच काम करा. रिव्हेट रंगात बुडाले असतील तर मात्र उतरवावा लागेल, कारण पुढचं निम्मं काम ते रिव्हेट करणार आहेत. नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी: किट आधी भांड्यांच्या साबणाच्या पाण्यात धुवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकटपणा राहिला की रंग सालीसारखा निघतो. आणि हार्डवेअरच्या दुकानातला स्वस्त स्प्रे थेट पुलावर मारू नका. काहींमधला थिनर इतका कडक असतो की पॉलिस्टायरिन विरघळायला लागतं. किटच्या सांगाड्याचा उरलेला तुकडा फेकायचा नसतो, तो याच परीक्षेसाठी.

माझा क्रम असा असतो. संपूर्ण पुलाला मॅट तांबूस प्रायमर. वाळल्यावर जिथे रंगाचे पोपडे उडालेले दाखवायचे तिथे, आणि तिथेच, केसांवर मारायच्या हेअरस्प्रेचा हलका थर. त्यावर राखाडी अॅक्रिलिक. राखाडी हाताला सुकला पण पुरता कडक झाला नाही, म्हणजे अर्ध्या-पाऊण तासाने, ओल्या ताठ ब्रशने त्या जागा हळूच घासायच्या. खालचा हेअरस्प्रे पाण्याने सुटतो, वरचा राखाडी छोट्या तुकड्यांत उडतो आणि खालचा तांबूस दिसू लागतो. खऱ्या पुलावर जे होतं तेच इथे घडतं, म्हणून ते हाताने काढलेल्या ठिपक्यांपेक्षा पटतं. फक्त नऊ सेंटिमीटरचं गणित विसरू नका. मिलिमीटरभराचा पोपडा म्हणजे तळहाताएवढा. असे चार-पाच पुरेत, बाकी सगळे सुईच्या टोकाएवढे.

हे पोपडे कुठे? रंगाचा थर कडांवर आणि रिव्हेटच्या डोक्यांवर सगळ्यात पातळ बसतो, म्हणून तो तिथे आधी जातो. फ्लँजच्या कडा, स्टिफनरच्या, म्हणजे वेबला ताठ ठेवणाऱ्या उभ्या पट्ट्यांच्या, कडा, जोडपट्ट्यांच्या रिव्हेटच्या ओळी. दोन पत्रे एकमेकांवर बसतात त्या फटीत पाणी शिरतं आणि बाहेर येताना तपकिरी होऊन येतं. स्टिफनर खालच्या फ्लँजला टेकतो त्या कोपऱ्यात धूळ, पानं, चिमण्या-कबुतरांची घाण साचते, ती स्पंजासारखी ओल धरून ठेवते. पूल खांबावर टेकतो तिथल्या बेअरिंगपाशीही तेच. बेअरिंग मात्र नुसतं गंजकं करू नका. त्याला ग्रीस लागलेलं असतं, त्यामुळे तिथे काळपट, किंचित ओलसर चमक हवी. एका काडीच्या टोकाने काळा-तपकिरी ग्लॉस लावला की झालं.

खाडीवरच्या पुलाची एक गंमत आहे, ती मला बरीच वर्षं माहीत नव्हती. आपल्याला वाटतं, पावसाचा मारा बाहेरच्या बाजूला, म्हणजे गंजही तिथेच जास्त. खाऱ्या हवेत होतं उलटं. बाहेरच्या बाजूवर बसलेलं मीठ पाऊस धुऊन नेतो. आतली बाजू, फ्लँजची खालची बाजू, दोन गर्डरमधले आडवे-तिरपे दांडे इथे पाऊस पोचत नाही, मीठ तसंच राहतं, ते दमट हवेतली ओल ओढून घेतं आणि लोखंड आतून खातं. म्हणून तुमच्या पुलाचं बाहेरचं अंग बरंचसं राखाडी ठेवा आणि खालून-आतून डोकावल्यावर गडद तपकिरी दिसू द्या. लेआउट टेबलाच्या उंचीचा असेल तर ते फारसं दिसणार नाही, छातीच्या उंचीचा असेल तर तीच पुलाची सगळ्यात देखणी बाजू ठरेल.

यावरून घाटाचं आठवलं. प्रश्न घाटाचा नाही, तरी दोन वाक्यं. भोर घाट 1863 चा आणि थळ घाट 1865 चा. तिथल्या दगडी कमानींना मीठ माहीत नाही, पण पाऊस आणखी जास्त. तिथे गंजापेक्षा चुन्याचे पांढरे ओघळ, शेवाळ आणि सांध्यातून उगवलेलं पिंपळाचं रोपटं हे खरं वेदरिंग, म्हणजे ऊनपावसाच्या खुणा. आणि दोन्ही घाटांत 1930 च्या सुमारासच विजेची इंजिनं आली, त्यामुळे आजच्या काळातला घाट करताना वाफेच्या इंजिनाची काजळी सढळ हाताने फासू नये.

परत खाडीवर. वरून काय धावतं याचा हिशेब वरच्या फ्लँजवर आणि स्लीपरवर दिसतो. त्या काळी बहुतेक गाड्यांना ओतीव लोखंडाचे ब्रेकब्लॉक होते. ब्रेक लागला की त्यांची बारीक पूड उडायची आणि रुळाच्या बाजूंवर, स्लीपरवर, गर्डरच्या वरच्या भागावर बसून तांबूस व्हायची. म्हणजे वरून खाली येताना रंग तांबूस-तपकिरीकडून राखाडीकडे निवळत गेला पाहिजे. पुढेच स्टेशन असेल तर त्या बाजूचा गाळा जास्त तांबूस, कारण गाड्या तिथे ब्रेक लावत येतात. एवढ्या एका फरकाने तीन सारखे गाळे वेगवेगळे वाटू लागतात. आणि एक गोष्ट सांगताना जरा संकोच वाटतो, पण 1985 म्हटल्यावर टाळता येत नाही: डब्यांच्या संडासांची घाण थेट खाली पडायची. रूळ, रुळाच्या कड्या, गर्डरचा वरचा भाग याने अक्षरशः खाल्ला जायचा. स्लीपरच्या टोकांवर आणि त्यांच्यामधल्या फ्लँजवर मळकट, पिवळट-तपकिरी शिंतोडे द्या. कुणी विचारलं तर "ब्रेकची धूळ" म्हणा.

ओघळ हा सगळ्यात नाजूक भाग, आणि इथेच बहुतेकांचा पूल बिघडतो. ओघळाला सुरुवात हवी. एखादा रिव्हेट, फट, कोपरा ठरवा. ऑइल कलरच्या ट्यूबमधला बर्न्ट अंबर आणि किंचित बर्न्ट सिएना पुठ्ठ्यावर काढून ठेवा, पुठ्ठा जास्तीचं तेल शोषून घेतो. सुईएवढा ठिपका त्या जागी ठेवायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग टर्पेंटाइनमध्ये भिजवून फडक्यावर जवळजवळ कोरडा केलेला चपटा ब्रश वरून खाली, सरळ रेषेत, एकदाच ओढायचा. ब्रश पुसा. पुढचा ठिपका. ओघळ वर गडद आणि खाली विरत जाणारा हवा. तीन-चार मिलिमीटर लांबी म्हणजे खऱ्या पुलावर फूटभर, बहुतेक ठिकाणी तेवढाच पुरतो. ताजा गंज नारिंगी, जुना गडद तपकिरी, जवळजवळ वांगी. नारिंगी अगदी चवीपुरती, मिठासारखी.

अॅक्रिलिकवर ऑइल चालतं, कारण टर्पेंटाइनने सुकलेलं अॅक्रिलिक सुटत नाही. एनॅमलवर ऑइलचा वॉश, म्हणजे पातळ केलेल्या रंगाचा हात, मात्र खालचा रंगही उचलतो. तुमचा चंदेरी स्प्रे बहुधा एनॅमलच्या जातीचा असेल, म्हणून त्यावर आधी राखाडी अॅक्रिलिकचा पुरता थर, एक रात्र विश्रांती, मगच ओघळ.

आता पावडर, आणि इथे आपलं नशीब चांगलं आहे. परदेशी पिगमेंटच्या छोट्या बाटल्या महाग पडतात. गेरू म्हणजे तरी काय, लोखंडाचा गंज मिसळलेली मातीच! सारवण-रांगोळीसाठी मिळणारा गेरू खलात कुटून मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळा. नुसता गेरू फार लाल, नव्या कुंडीसारखा दिसतो. म्हणून त्यात कोळशाची पूड आणि ड्रॉइंगच्या तपकिरी खडूची पूड मिसळा. धुळीसाठी मुलतानी माती. पुडी करून ठेवली की वर्षानुवर्षं पुरते. गाळताना तोंडाला फडकं बांधा, हे सगळं नाकात जातं.

पावडर मऊ ब्रशने कोपऱ्यांत, बेअरिंगभोवती, स्लीपरखालच्या फ्लँजवर दाबून बसवायची, मग फुंकायची. वर मॅट वार्निश मारलं की पावडर निम्मी दिसेनाशी होते. पहिल्यांदा मला वाटलं होतं पूल कुणी धुतला की काय. म्हणून जिथे हात लागणार नाही तिथे मी वार्निश मारतच नाही. जिथे लागणार तिथे पावडर दुप्पट घेतो. वार्निश जुलै-ऑगस्टमध्ये मारू नका. दमट हवेत स्प्रे मारला की पांढुरकं धुकं बसतं. डोंबिवलीच्या बाल्कनीत, भर आषाढात, दोन महिन्यांचं काम मी असं घालवलंय. मॅट थरावर इसोप्रोपिल अल्कोहोलचा वॉश दिला तरीही असाच पांढरेपणा येतो, तोही धडा घेऊन झालाय.

खांबांकडे लोक दुर्लक्ष करतात आणि मग देखणा गर्डर पुठ्ठ्याच्या ठोकळ्यांवर टेकतो. खाडीतल्या खांबाचे पट्टे असतात. सगळ्यात खाली, ओहोटीतही ओला राहणारा, गडद, चिखलाचा. त्यावर हिरवट-काळा शेवाळाचा. त्यात आणि त्याच्या वर कालवं धरतात, तो पांढुरका, खरबरीत. भरतीच्या रेषेच्या वर कोरडा दगड. मुंबई-कोकणात मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या घरात जातो, म्हणजे तुमच्या मॉडेलवर साधारण साडेचार सेंटिमीटर. तेवढ्या उंचीत हे पट्टे बसवा आणि सगळ्या खांबांवर एकाच पातळीत ठेवा. पाणी सगळीकडे एकाच उंचीला असतं, पण ब्रश घेऊन बसल्यावर हे हमखास निसटतं. मी भांड्यात रंगीत पाणी घेऊन खांब त्यात उभे करतो, रेष आपोआप उमटते. कालवांसाठी बारीक रवा किंवा मीठ नको, ओल धरतं. बेकिंग सोडाही नको. दगडाच्या रंगात बारीक गाळलेली वाळू मिसळून थापा, वर पांढऱ्याचा कोरडा ब्रश.

वरचा कोरडा दगड काळा रंगवू नका. काळा पाषाण जुना झाला की तपकिरी-राखाडी होतो. चार-पाच दगड थोडे निळसर, दोन-तीन पिवळट. बेडब्लॉकखाली, म्हणजे बेअरिंग ज्या ठोकळ्यावर बसतं त्याच्याखाली, बेअरिंगच्या रेषेत, तपकिरी ओघळ खांबावर उतरला पाहिजे, कारण वरचा गंज शेवटी तिथेच येतो. गर्डर आणि खांब वेगवेगळे रंगवून शेवटी जोडले तरी हा ओघळ जोडल्यानंतर काढा. पूर आणि धोक्याच्या पातळीच्या खुणा, गाळ्याचा नंबर, शेवटच्या गर्डरवर रंगकामाची तारीख ही अक्षरं छोटी असली तरी पुलाला माणसाचा हात लागल्याचं सांगतात. तुमच्यासाठी तारीख 1981 ठेवा, म्हणजे चार पावसाळ्यांचा हिशेब जुळेल.

आणि माझी आवडती युक्ती: एका गाळ्यावर आयताकृती, सरळ कडांचा, बाकीच्यापेक्षा किंचित उजळ आणि चकाकता चंदेरी ठिगळ. गंज खरवडून तेवढ्याच भागाला पेंटरने नवा हात मारलाय. तुमचा उरलेला चंदेरी स्प्रे इथे कामी येईल. डब्याच्या झाकणात थोडा उडवून ब्रशने लावा.

फोटो घ्यायला रेल्वेच्या पुलावर जाऊ नका, ते बेकायदा तर आहेच आणि जिवावरही बेतू शकतं. शेजारच्या रस्त्यावरून, होडीतून किंवा गाडीच्या खिडकीतून घेतलेले फोटो भरपूर होतात. रंग जुळवताना लेआउटवर जो दिवा आहे त्याच दिव्याखाली बसा. मी एकदा ट्यूबलाइटखाली केलेला छान राखाडी पूल पिवळ्या एलईडीखाली शेवाळी निघाला होता.

काम बाहेर, टेबलावर, रूळ बसवण्याआधी करा. ते जमणार नसेल तर रुळांवर मास्किंग टेप लावा. पावडर रुळाच्या माथ्यावर राहिली की इंजिनाच्या चाकांना वीज मिळत नाही, आणि मग ते नेमकं मधल्या गाळ्यावर, जिथे हात पोचत नाही तिथे, बंद पडतं. टेप काढल्यावर अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या फडक्याने रुळांचे माथे पुसा, आधी एकटं इंजिन दोन-तीन फेऱ्या फिरवा, मग डबे जोडा.

एक गाळा करून बघा आणि फोटो टाका. फोटो वरून नको, रुळांच्या उंचीवरून आणि खाडीच्या बाजूने घ्या.